सुरतेला गेलेली बरणी

"स्वप्ना, बसली आहेस का?"

"नाही."

"मग बस."

"मोहिनी, मी बसत नाही हे तुला कॉलेजपासून माहीत आहे. बोल."

"तू पाठवलेलं फुफ्फुस बोकडाचं आहे."

डॉक्टर स्वप्नाली वळवी नंदुरबारच्या दवाखान्याच्या गच्चीवर फेऱ्या मारत होती. ती पाण्याच्या टाकीपाशी थांबली. टाकी भरून वाहत होती, पण तिचं तिकडे लक्षच नव्हतं.

"परत सांग."

"आधी नाकाला कळलं," सुरतेहून मोहिनी म्हणाली. ती तिथल्या लॅबमध्ये पॅथॉलॉजिस्ट होती. "सोमवारी दुपारी बरणी आली तशी उघडली. फॉर्मालिननं डोळ्यांना धार लागायला हवी होती, लागली नाही. उलट घाण आली. आत मीठपाणी होतं आणि मांस होतं, निदान आदल्या दिवसाचं. माझा असिस्टंट म्हणाला, घरच्यांनी औषध सांडून पाणी ओतलं असेल, खेड्यातून येतं असं कधीकधी. पण तुझ्या स्टेपलरची एक पिन सापडेल तर शपथ. बरणीत टाकलेली ग्रंथींची छोटी बाटलीही नाही. काचपट्टी केली, आज पाहिली. बोकड. तब्येतीनं उत्तम होता बिचारा."

"लेबल?"

"लेबल तुझंच. प्रेमचंद पाटील, डावं फुफ्फुस, खालचा भाग, खाली तुझी सही. एक कोपरासुद्धा दुमडलेला नाही. पण बरणी तुमची वाटत नाही गं. हिरवं झाकण आहे. फोटो पाठवते."

फोटो आला. स्वप्नालीनं तो मोठा केला, लहान केला, परत मोठा केला. दवाखान्याच्या बरण्यांना पांढरी झाकणं असतात.

मग माणसाचं फुफ्फुस कुठे होतं?

*

शुक्रवारी ते तिच्या हातात होतं.

हातात म्हणायचं ते आपलं सवयीनं. प्रेमचंदची छाती तिनं उघडलीच नव्हती. कुशीवर झोपवून बरगड्यांच्या मधून तीन छिद्रं पाडली होती: एक कॅमेऱ्याला, एक चिमट्याला, आणि एक जरा मोठं, दोन बोटं जातील एवढं, तुकडा बाहेर काढायला. डाव्या फुफ्फुसाची हवा बंद केली की ते फुगा बसावा तसं बसतं. मग पडद्यावर बघत रक्तवाहिन्या सोडवायच्या, स्टेपलरनं एकाच वेळी कापायच्या आणि शिवायच्या, तुकडा आतच पिशवीत भरायचा आणि हळूहळू ओढून घ्यायचा. बरगडी फाकवावी लागत नाही. नंदुरबारच्या त्या छोट्या दवाखान्यात असं पहिल्यांदाच झालं होतं.

गाठ निघाली होती. पण गाठ निघाली म्हणजे रोग निघाला असं नाही. भोवतालच्या ग्रंथींत तो उतरला असेल तर किमो द्यायची, उतरला नसेल तर माणूस घरी मोकळा. हे सांगणार ती बरणी. आणि फुफ्फुसाचा अख्खा तुकडा न चिरता औषधात ठेवला की औषध वरवर लागतं, आतला भाग सडत जातो. चिरायचं काम लॅबचं. उशीर आधीच झाला होता. शनिवारी अमावास्या, म्हणून घरच्यांनी बरणी हलवू दिली नाही. रविवारी लॅब बंद. सोमवारी पुतण्या एसटीनं घेऊन गेला.

आज बुधवार. कुठेतरी, कुणाच्या तरी ताब्यात, प्रेमचंदचा निकाल आतून सडत होता.

स्वप्नालीनं गाडीची किल्ली घेतली. वॉर्डमधल्या भटूनं जिन्यात विचारलं, "मॅडम, जेवण?"

ती केव्हाच खाली पोचली होती.

*

छिद्र पहिलं. कुंदन, पुतण्या, शहाद्याच्या एसटी स्टँडवर.

(प्रश्न गाळले आहेत. ते सगळे फिरून एकाच जागी येत होते.)

"हो मॅडम, मीच नेली ना. का, पोचली नाही? पावती आहे माझ्याकडे.

"काळ्या पिशवीत होती. गाठ मारलेली. रूममधून काकूनं दिली, मी दोन बोटांनी धरली.

"उघडू? मी? माझ्या लग्नाचं बघतायत मॅडम. असलं काही पाहिलं तर महिनाभर झोप नाही यायची.

"मांडीवर नाही, शेजारच्या सीटवर. खिडकीत एक बाई होती. तिला म्हटलं, मावशी, काकाचं फुफ्फुस आहे, जरा लक्ष ठेवा. ती उठून ड्रायव्हरच्या मागे जाऊन बसली.

"विसरवाडीला उतरलो. गाडी थांबतेच तिथे. भजी खाल्ली.

"मटणाचं दुकान? असेल. आम्ही माळकरी लोक, आम्हाला काय माहीत. तुम्ही विसरवाडीच्याच ना? मग तुम्हालाच जास्त माहीत.

"राग नका मानू. गंमत केली.

"दुश्मन? काकाचा? कापसाचे व्यापारी तेवढे. दिवाळीत एक जण आला होता, ओलावा मोजायचं मशीन घेऊन. काकानं आधी गादीत भरायला ठेवलेला गेल्या सालचा कापूस पुढे केला. कोरडाठाक. व्यापारी म्हणतो, ओला आहे, भाव कमी. काकानं त्याला चहा पाजला आणि टेम्पो रिकामा परत पाठवला. गाव आठवडाभर हसत होतं. अशा माणसाची चीज पळवायची म्हणजे काय खाऊ आहे?

"मॅडम, खरं सांगा. काय होतं त्या पिशवीत?"

*

स्वप्नाली गाडीत बसली, परत उतरली, टायर पाहिले, परत बसली.

कुंदनला धरायचं म्हटलं तर सगळं जुळत होतं. विसरवाडीला बरणी हातातून पडली, पोरगं घाबरलं, रस्त्यापलीकडच्या खाटकाकडून काहीतरी घेतलं आणि भरलं. फक्त एक गोष्ट बसत नव्हती. विसरवाडीला सकाळी घेतलेलं मांस हिवाळ्यात दुपारपर्यंत असं घाण मारत नाही. ते आदल्या दिवसाचं होतं. म्हणजे कुंदननं काळी पिशवी उचलली तेव्हा बोकड आत बसलेलाच होता.

अदलाबदल दवाखान्यात झाली होती. तिच्याच दवाखान्यात, तिच्याच पेशंटच्या खोलीत. बरणी तिथे पलंगाखाली होती, कारण नात्यातलं कुणी ती आपल्या घरी ठेवून घ्यायला तयार नव्हतं.

तिनं गाडी तापीकडे वळवली.

*

छिद्र दुसरं. प्रेमचंदच्या घरी.

हेमकांत फाटकातच आडवा आला. प्रेमचंदचा मुलगा, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर.

"मॅडम, रिपोर्ट आला? आधी मला सांगा. आप्पांसमोर तो शब्द नको."

"कोणता?"

"तोच. आम्ही त्यांना जुनी गाठ आहे एवढंच सांगितलंय."

"हेमकांतभाऊ, म्हणजे रिपोर्ट आलाच नाही तर तुमची सोयच झाली."

मास्तरांचा चेहरा उतरला. बरणीचं ऐकल्यावर ते ओट्यावर टेकले. मग मात्र तडकून बोलले, "लॅबला नंबर माझा दिलाय. रिपोर्ट माझ्या मोबाइलवर येणार होता. मला लपवायचा असता तर एका बोटानं लपवला असता. त्यासाठी बोकड कापायचा मी?"

हे खरं होतं. स्वप्नालीला खरं आवडलं नाही, कारण एक संशयित कमी झाला.

"एवढं का लपवता?"

हेमकांतनं भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडे पाहिलं. "हिलालबाबा. आप्पांचे मोठे भाऊ. त्यांचंही फुफ्फुसच. तेव्हा पाठीपासून छातीपर्यंत चिरलं होतं, इथून इथवर. दोन महिने पडून होते. रिपोर्टात तो शब्द आला. औषधं सुरू झाली, ती सोसली नाहीत. गेले. नंतर दुसऱ्या गावच्या मोठ्या डॉक्टरानं त्याच काचपट्ट्या पाहिल्या आणि म्हणाला, हा तो रोग नव्हताच, टीबी होता. तेव्हापासून ह्या घरात तो शब्द कुणी उच्चारत नाही."

आतून दगूबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली. प्रेमचंदची बायको. स्वप्नालीनं फोटो तिच्यापुढे धरला.

"काकू, ही बरणी ओळखता?"

"मन्हीच शे." दगूबाईनं क्षणाचाही वेळ घेतला नाही. "लिंबूनं लोणचं धाडेल व्हतं दवाखानामा. हेमकांतना बापना तोंडले चव नव्हती. बरणी काही घर परत उनी नहीं. मी म्हनं, दवाखानावालास्नी ठेवी लिधी व्हई."

"आणि तो तुकडा तुम्ही माझ्याकडे मागितला होता. तापीत सोडायला."

"मांगाच व्हता. तुम्ही नहीं सांगं, मी गप ऱ्हायनू."

"नंतर नेला?"

दगूबाईनं तांब्या खाली ठेवला. "बाई, मी लई जाती ते सांगीसन लई जाती. चोरीन कसाले नेसू? मन्हा नवराना तुकडा शे."

हेमकांत "आई!" म्हणाला. तिनं त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"आनि तठे बोकड भरसू मी? ह्या हातघाई? देवघरना दिवा कोन लाई मंग?" मग तिचा आवाज खाली आला. "तुम्ही तबकमा आनीसन देखाडं तवय आम्ही बठ्ठा देखं. हेमकांतनी देखं, कुंदननी डोया मिची देखं. ज्यानं व्हतं त्यानीच नहीं देखं."

स्वप्नालीनं पाण्यासाठी पुढे केलेला हात मागे घेतला.

*

त्या खोलीतून प्रत्येक जण कधी ना कधी घरी गेला होता. एक सोडून.

*

ती अंगणात आली आणि कापसाच्या गंजीभोवती चालू लागली. दारातून दगूबाई आणि हेमकांत बघत राहिले.

एखाद्याला तुकडा नाहीसा करायचा असता तर त्यानं बरणी सरळ गटारात रिकामी केली असती. इथे तर लेबल नखानं हळूच सोडवून दुसऱ्या बरणीवर लावलं होतं. बोकडाला मीठपाणी मिळालं. मग फॉर्मालिन कुठे गेलं? ते जिथे होतं तिथेच राहिलं, पांढऱ्या झाकणाच्या बरणीत, माणसाच्या फुफ्फुसाबरोबर. ज्यानं हे केलं त्याला ते फुफ्फुस टिकवायचं होतं.

टिकवायचं, आणि त्याच वेळी लॅबला दुसरंच काहीतरी द्यायचं. नाव खरं, माल खोटा. मग बघायचं, काय म्हणतात ते.

ओला म्हणतात की कोरडा.

तिच्या तोंडून एक शिवी निघाली, तीही विसरवाडीच्या स्टँडवरची.

घरच्यांना प्रेमचंद कसा सुचेल? ह्या घरानं छातीचं ऑपरेशन पाहिलं होतं ते हिलालचं. छाती कापली की माणूस पलंगाला खिळतो, कूस बदलायला दोन जण लागतात, एवढंच त्यांना ठाऊक. पण प्रेमचंदच्या अंगावर तीन टाके होते. शुक्रवारी संध्याकाळीच तिनं त्याला उभं केलं होतं. शनिवारी तो छातीतल्या नळीची बाटली हातात घेऊन वऱ्हांड्यात फेऱ्या मारत होता, आणि ती स्वतः मागून ओरडत होती, "अजून एक, प्रेमचंदकाका, अजून एक!"

तिनंच त्याला चालायला लावलं होतं. आणि संशयितांत त्याला धरायला तीच विसरली होती.

*

छिद्र तिसरं. सर्वांत मोठं.

प्रेमचंद मागच्या पडवीत बाजेवर बसला होता. हातात श्वासाच्या व्यायामाचं प्लास्टिकचं खेळणं, तीन गोळ्यांचं. तो नळीतून श्वास ओढायचा, गोळ्या वर जायच्या. शेजारी त्याचा सालदार गडी बाज्या खाली बसून तूर पाखडत होता. तिला पाहिल्यावर बाज्याचं सूप थांबलं. दवाखान्यात घरचा डबा घेऊन यायचा तो हाच.

"रविवारी डबा तुम्हीच आणला होता ना?" तिनं बाज्याला विचारलं. "डब्यात आणखी काय होतं?"

बाज्यानं मालकाकडे पाहिलं.

"त्याले काही इचारू नका," प्रेमचंद म्हणाला. नळी तोंडातून काढायची त्याला घाई नव्हती. "मी सांगं, तो लई उना. त्यानं काम आनानं. मन्हं काम देखानं." मग तिला नीट कळावं म्हणून शाळेतली मराठी काढली. "काय म्हणाले सुरतवाले?"

"बोकड म्हणाले."

"लगेच?"

"वासावरूनच. काचपट्टीवर पक्कं केलं."

तिसरी गोळी वर गेली आणि वरच राहिली. प्रेमचंदच्या डोळ्यांत पाणी होतं. तो हसत होता.

"मग खरं मशीन आहे," तो म्हणाला. "हेमकांत मला जुनी गाठ सांगतो. मास्तर आहे, पण खोटं बोलायला शिकला नाही. मला कळलं होतं. हिलालदादाला कागदानं मारलं, बाई. मी म्हटलं, मी कागदाच्या हातून मरणार नाही. बोकडाला कॅन्सर लिहून आलं असतं ना, तर तुमच्या दारात आलो नसतो. मेलो असतो तरी आलो नसतो."

दारात हेमकांत उभा होता. बापाच्या तोंडून तो शब्द त्यानं पहिल्यांदा ऐकला.

"कुठे आहे?" स्वप्नाली म्हणाली.

"जागेवर आहे. फवारणीच्या औषधांच्या खोलीत, कुलपात. तिथे वासाला वास लपतो. डिस्चार्जच्या दिवशी धोतरात गुंडाळून आणलं. थेंब सांडला नाही. तुमच्या औषधात लोणच्यासारखं राहील ते, वर्षभर."

"राहणार नाही!"

ती इतक्या जोरात बोलली की बाज्या उठून उभा राहिला.

"लोणच्याला फोडी करता ना काका? अख्खं लिंबू टाकलं तर आत काय होतं? फुफ्फुस चिरल्याशिवाय औषध आत जात नाही. तुमची परीक्षा चालू होती तेव्हा ते आतून सडत होतं. मशीन खरं निघालं, पण मापायला मालच राहिला नाही तर?"

प्रेमचंदच्या हातातलं खेळणं बाजेवर आडवं झालं. एवढ्या सगळ्यात हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. कापूस थांबतो. तूर थांबते. हे थांबत नाही, असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यानं कुणाला विचारलंही नव्हतं.

त्यानं करगोट्याची किल्ली सोडायला घेतली. गाठ सुटेना तेव्हा दगूबाईनं पुढे होऊन सोडवली.

"मी येतो," तो म्हणाला.

"शुक्रवारी टाके घातलेत तुम्हाला."

"तीनच तर आहेत," प्रेमचंद म्हणाला. "बरणी मी धरीन. तुम्ही गाडी हाणा."

*

विसरवाडीला ती थांबली नाही. नवापूरलाही नाही. शेजारी प्रेमचंद बरणी पोटाशी धरून ताठ बसला होता. खड्डा आला की आधी बरणी उचलायचा, मग स्वतःची कूस दाबायचा. फक्त एकदा त्यानं विचारलं, "ह्या एवढ्याशा भोकातून हे एवढं कसं निघालं?" आणि तिनं हवा काढलेल्या फुग्याचं सांगितलं. त्यानं मान डोलावली. कापसाच्या गाठी बांधताना हवाच काढतात, हे त्याला माहीत होतं.

सुरतेला मोहिनी लॅबच्या दारातच हातमोजे घालून उभी होती. "हाच का बोकडवाला?" तिनं विचारलं. प्रेमचंदनं हात जोडले.

ट्रेमध्ये तुकडा ठेवून तिनं सुरी फिरवली. प्रेमचंदनं तोंड फिरवलं नाही. चार बोटं खोल गेल्यावर सुरीखालचा रंग बदलला, मांस मऊ लागलं, आणि मोहिनीनं स्वप्नालीकडे जे पाहिलं त्यात सगळं होतं.

"गाठीची कडा शाबूत आहे," ती हळू म्हणाली. "मधला भाग गेला. ग्रंथींच्या बाटलीत मात्र सगळं छान आहे, लहान तुकडे लवकर मुरतात. ग्रंथींचं मी सांगू शकेन. पण ह्या रोगावर काहींना नुसती गोळी लागू पडते, ते बघायची तपासणी आता ह्या तुकड्यातून होणार नाही. रक्तातून बघावी लागेल. रक्त प्रत्येक वेळी सांगतंच असं नाही."

स्वप्नालीनं ते प्रेमचंदला सोप्या शब्दांत सांगितलं. मऊ करून सांगितलं नाही.

"ते मन्हं चुकनं," प्रेमचंद म्हणाला.

*

रिपोर्ट आला तेव्हा स्वप्नाली स्वतः तो घेऊन गेली. हेमकांतच्या मोबाइलवर पाठवू नको, असं तिनं मोहिनीला बजावलं होतं. पडवीत सगळे होते. कागद हेमकांतनं घेतला, वाचायला सुरुवात केली, आणि एका ओळीवर त्याचा आवाज बंद पडला.

"वाच ना मास्तर," प्रेमचंद म्हणाला.

"आप्पा, नको."

"कॅन्सर. म्हनं मी तो शब्द. पुढे?"

पुढचं स्वप्नालीनं सांगितलं. गाठ पूर्ण निघाली आहे. कडा स्वच्छ आहेत. पण एका ग्रंथीत रोग पोचला आहे. किमो द्यावी लागेल. हिलालबाबांच्या वेळचं आणि आताचं एक नाही, पण त्रास होणार. आणि रक्ताची तपासणी पाठवली आहे, गोळीचं काय ते नंतर कळेल.

हेमकांत खांबाला धरून रडू लागला. कुंदन पुढे सरकला, मागे सरकला. सगळे प्रेमचंदकडे बघत होते. हा माणूस कागद फाडून टाकेल, असं त्यातल्या निम्म्यांना वाटत होतं.

त्यानं कागद घेतला, चष्मा लावला, आणि तिची सही, मोहिनीची सही दोन्ही पाहिल्या.

"कधी सुरू करायचं?"

"सोमवारी."

"केस जातील?"

"जातील."

"मिशी?"

"मिशीही."

प्रेमचंदनं मिशीवरून हात फिरवला. सावकाश, दोन्ही बाजूंना. मग म्हणाला, "बाज्या, जाय. नाभिकले बोलाई लय."

दगूबाई ताडकन उठली. "मिशी? कोन्ही मरी गया का आपला घरमा?"

"नहीं ना," प्रेमचंद म्हणाला. "म्हनीसनच आजच काढस."